माघारी ओलांड

'मूर्ती लहान पण कीर्ती महान' असं ज्यानं पहिल्यांदा म्हटलं तो माणूस नक्की उंच असणार. बुटक्या माणसाला असलं काही सुचत नाही. त्याला समोरच्याच्या पोटरीला कडकडून चावावंसं वाटतं. माझ्या निवृत्तीच्या कार्यक्रमात जेवढे बोलायला उठले तेवढ्यांनी हे वाक्य म्हटलं, आणि प्रत्येक वेळी टाळ्या पडल्या. जिल्हा परिषदेच्या शाळेत जन्मभर फळ्याच्या खालच्या अर्ध्या भागावर लिहून मी पोरांना विज्ञान शिकवलं, आणि त्याचं सार शेवटी माझ्या उंचीवर येऊन थांबलं. मी हसून हात जोडले, नारळ घेतला, शाल घेतली. शाल जमिनीवर लोळायला लागली तेव्हा कुणीतरी परत हसलं. काळ्या माणसाला लोक निदान पाठीमागं काळा म्हणतात. बुटक्याला तोंडावर म्हणतात आणि वर डोक्यावर टपली मारतात, कारण डोकं आयतंच हाताशी असतं.

आमचं घर चारठाण्याच्या बाजारगल्लीत. पुढं भांड्यांचं दुकान, मागं आम्ही. दिवसभर दुकानात भांड्यावर नाव घालणाऱ्याची टकटक चालायची. कुणाची मुलगी सासरी निघालेली असायची, कुणाची वास्तुशांत असायची, आणि प्रत्येक तांब्यावर, परातीवर कुणाचं तरी नाव ठिपक्याठिपक्यानं उमटायचं. त्या टकटकीशिवाय मला दुपारची झोप लागत नसे. घरात चिंचेचा आणि राखेचा वास भरून राहिलेला असायचा, कारण दुकानातली पितळी भांडी काळवंडली की घासायला आत यायची. ती घासायचं काम माझ्याकडं होतं. कोपरापर्यंत हात चिंचेच्या कोळात, पण चिंचेचं बोटूक तोंडात घालायची मला बंदी. चिंच खाल्ली की उंची खुंटते, असं आत्याचं म्हणणं. धाकटा भाऊ शिवा माझ्यासमोर चिंचेचे गोळे मिठाला लावून चोखायचा. त्याची उंची वाढतच गेली.

आमचं घराणंच उंच. माझे वडील अप्पा उंच, त्यांचे धाकटे भाऊ तात्या उंच, आणि आत्या तर सगळ्यांत उंच. गावात आम्हाला माडीवाले म्हणायचे, घराला माडी नसताना. गिरजाआत्या ही अप्पांची थोरली बहीण. नवरा लवकर वारला म्हणून माहेरी आलेली, आणि आल्या दिवशी किल्ल्यांचा जुडगा आजीच्या कमरेचा सोडून स्वतःच्या कमरेला लावलेली. माळ्यावरचा डबा ती स्टूल न घेता काढायची. सकाळी अंघोळ झाली की कपाळाला भस्म लावून, गळ्यातलं लिंग तळहातावर घेऊन पूजेला बसायची. त्या वेळी घरात भांडंही वाजलेलं चालायचं नाही. तळहातावर मावेल एवढा देव ती रोज डोळे मिटून पुजायची, आणि डोळे उघडले की मला हाक मारायची, "ए पावशेर, दूध आण."

पावशेर हे नाव तिनंच ठेवलेलं. दुकानदाराच्या घरात दुसरं काय सुचणार? ते दुकानातल्या गड्याला आवडलं, मग गल्लीला आवडलं, मग शाळेला. पुढं माप बदललं, वजनं बदलली, पण माझं नाव काही बदललं नाही.

दर पाडव्याला गुढी उभी करून झाली की आत्या आम्हाला स्वयंपाकघरातल्या उतरंडीपाशी उभं करायची. पितळी डब्यांची ती उतरंड, खाली मोठा, वर लहान, थेट आढ्याकडं गेलेली. कोण कितव्या डब्यापर्यंत पोचलं ते आत्या सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगायची. शिवा वर्षाला एकेक डबा चढत गेला. मी मात्र ज्वारीच्या डब्याच्या झाकणापाशी अडकले ती अडकलेच. "अजून ज्वारीतच हाय ही," आत्या म्हणायची, आणि मग तिची नजर फिरून चुलीपाशी बसलेल्या सुमनकाकूवर जायची. काकू मान खाली घालून पोळीवर तूप सोडत राहायची. तोंडात घातलेली पाडव्याची पुरणपोळी मला कधी गोड लागल्याचं आठवत नाही.

काकूकडं नजर का जायची ते सांगायला हवं, कारण या प्रकरणातलं सगळं तिथूनच निघालं आहे. आमच्याकडं झोपलेल्या लेकराला ओलांडत नाहीत. ओलांडलं की लेकरू खुंटतं. चुकून ओलांडलंच, तर आलं त्या वाटेनं लगेच माघारी ओलांडायचं, म्हणजे दोष फिटतो. सुमनकाकू म्हणजे तात्यांची बायको. माहेर चुडाव्याचं. लग्न होऊन आली त्याच उन्हाळ्यात घरी कुरडया घातल्या. कुरडईचा चीक ज्यानं शिजवलाय त्याला माहीत असतं की तो गरम असतानाच सोऱ्यात गेला पाहिजे, जरा थंडावला की दगड. काकू चिकाचं मोठं पातेलं फडक्यानं धरून आतून अंगणात निघाली होती, आणि मी मजघराच्या दारात आडवी पसरून झोपले होते. भिंतीला टेकून जायला जागा नव्हती, थांबायला वेळ नव्हता. तिनं मला ओलांडलं.

अंगणात बाजेवर लुगडं पसरत असलेल्या आत्यानं ते पाहिलं. "माघारी ये! आगं माघारी ओलांड!" ती केवढ्यानं ओरडली. काकू गोंधळली. हातात उकळता चीक, मागं वळायचं तरी कसं? तिनं पातेलं खाली टेकवलं आणि पळत माघारी आली. पण तोवर त्या ओरडण्यानं मी उठले होते, चिकाचा वास आला होता, आणि मी वाटी घेऊन पातेल्याकडं धावले होते. गरम चीक, त्यावर तेल आणि साखर, त्यासाठी मी काहीही सोडलं असतं. काकू दारात रिकाम्या जागेपुढं उभी राहिली. झोपलेलं लेकरूच नाही तर ओलांडणार कुणाला?

एवढंच घडलं. पण माझी उंची काकूच्या नावावर लागली ती कायमची. त्यानंतर कुरडयांच्या दिवशी काकूला अंगणात येऊ देत नसत. ती शेवटी जेवायची, उरलेलं जेवायची, येसराच्या आमटीतलं तळचं पाणी आणि सकाळची भाकरी. माझ्यासाठी उपाय सुरू झाले. दाराच्या वरच्या तुळईला दोर बांधून मला लोंबकळत ठेवायचे, हात सुटले की खाली काकू उभी असायची झेलायला. शेळीचं दूध, अश्वगंधेची पूड, कुणा महाराजांचा ताईत. उपाय फसला की आत्या म्हणायची, "औषध काय करील? पायच तसा पडलाय." आणि काकूला मूल होईना तेव्हा आत्याला तर कोलीतच मिळालं. "जिनं दुसऱ्याचं लेकरू खुंटवलं, तिची कूस कशी उजवंल?" हे ती काकूला ऐकू जाईल असं शेजारणीला सांगायची.

आता सरळ सांगते. माझी आई ठेंगणी होती. अगदी माझ्याएवढी. घरातल्या कुणालाही डोळे असते तर माझी उंची कुठून आली हे विचारायची गरजच नव्हती. पण आईची सोयरीक आत्यानं जमवलेली होती, तिच्याच सासरच्या नात्यातली. खोट आईत निघाली असती तर ती आत्याच्या निवडीत निघाली असती. म्हणून आई सुटली आणि काकू सापडली. आणि आईनं एकदाही तोंड उघडलं नाही. तिच्यावरचं बोलणं दुसरीच्या अंगावर जात होतं, तिनं जाऊ दिलं. आई जाऊन खूप वर्षं झाली, गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं म्हणतात. मी बोलत नाही.

मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला असताना पूर्ण्याचं स्थळ आलं. मुलगा कचेरीत कारकून, उंच, एकुलता एक. आत्याला ते स्थळ हातचं जाऊ द्यायचं नव्हतं. घरात चपला घालता येत नाहीत, नाहीतर तिनं मला टाचांच्या चपला घालून उभं केलं असतं. म्हणून तिनं वेगळी शक्कल लढवली. मजघराच्या उंबरठ्याआड उंच पायांचा पाट ठेवला, मला त्यावर उभं केलं आणि साडीच्या निऱ्या पाटावरून खाली सोडल्या. "हितूनच नमस्कार कर. इचारलं तेवढंच बोल. जागची हालू नको," आत्यानं बजावलं. अप्पा दुकानातून उठून येऊन पाहुण्यांशेजारी बसले. चुरमुऱ्यांचा सुशीला खाऊन झाला, चहा झाला. मी पाटावर उभी. त्या क्षणापुरती मी खरंच बरी दिसत असेन, कारण मुलाच्या आईच्या चेहऱ्यावर समाधान होतं. ती बाई मनानं वाईट नव्हती. तिनं सतरंजीवर हात थोपटला आणि म्हणाली, "अशी उभी किती वेळ राहतीस बाळा? ये, माझ्यापाशी बस."

मी आत्याकडं पाहिलं. आत्या काही बोलणार तोवर त्या बाईनं परत हाक मारली. मग मी पाटावरून उतरले. भरल्या बैठकीसमोर माणूस एकाएकी खाली गेलेलं कधी कुणी पाहिलं नसेल. निऱ्या पायाखाली आल्या, मी अडखळले, आणि मागं तो पाट उघडा पडला. आधी मुलगा हसला. मग त्याचा मामा हसला. मग मुलाची आई तोंडाला पदर लावून खाली बघायला लागली. "कळवतो," असं म्हणून ते उठले. ओट्यावर चपला घालताना मामा म्हणाला, "बरं झालं खाली बोलावलं. न्हाईतर लग्नात पाटासगट आणावं लागलं असतं." गल्लीनंही ते ऐकलं.

आजकाल माझ्या भाच्यांचे बायोडाटे मोबाईलवर येतात. नाव, मग उंची, मग शिक्षण. पाट गेला, एवढाच फरक.

पाहुण्यांची जीप गेल्यावर घरात जे झालं ते मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. काकू बैठकीतल्या ताटल्या गोळा करत होती. आत्यानं तिच्या हातातल्या ताटल्या हिसकावून खाली आपटल्या. "बघ, बघ तुझ्या पायाचे गुण! पोरीचा जन्म नासवलास. समाधान झालं का आता?"

काकू म्हणाली, "वन्सं, हातात चिकाचं पातेलं होतं. मी थांबले असते तर लेकराच्या अंगावर सांडलं असतं. किती येळा सांगू?"

"मला शानपण शिकवायलीस? आज माघारी ओलांड. आत्ता. समद्यांच्या समोर." आणि माझ्याकडं वळून, "पड ग तिथं."

मी अप्पांकडं पाहिलं. अप्पा दुकानाकडं बघत होते. तात्यांनी 'अक्का, जाऊ दे ना' एवढं म्हटलं आणि आत्यानं डोळे वटारल्यावर तेही दुकानाकडं बघायला लागले. आई दाराआड. मी नेसलेल्या साडीसकट मजघराच्या दारात आडवी झाले, लहानपणी झोपले होते तिथंच. अंगावर आत्याचीच साडी होती, जरीची. काकू माझ्याजवळ आली. खालून मला तिच्या टाचांच्या भेगा दिसल्या आणि जोडवी. ती रडत होती, तिचं पाणी माझ्या हातावर पडलं. तिनं मला ओलांडलं आणि पलीकडं जाऊन भिंत धरून उभी राहिली.

मला वाटलं, संपलं. निदान आता तरी आत्याचं तोंड बंद होईल. आत्या म्हणाली, "आता काय उपेग? हाडं जून झाली. वांझेचा पाय तो वांझेचाच." आणि किल्ल्या सावरत आत गेली.

त्या दिवशी मला जे वाटलं त्याला राग म्हणणं म्हणजे भाकरीला बिस्कीट म्हणण्यासारखं आहे. माझं डोकं अगदी स्वच्छ होतं. जेवणं झाली. आत्यानं दोन धपाटे आणि दही खाल्लं, मी मोजून बघितलं. मग नेहमीसारखी मजघरात सतरंजी टाकून आडवी झाली. उंच बाई ती, डोकं भिंतीला आणि पाय उंबरठ्याला. दुकानातून टकटक ऐकू येत होती. काकू कोपऱ्यात तांदूळ निवडत होती, तिनं मान वर केली नाही. मी साडीच्या निऱ्या वर खोचल्या आणि आत्याला ओलांडलं. घाईत नाही, चुकून नाही. एक पाय तिच्या पोटावरून पलीकडं टेकवला, मग दुसरा.

तिनं डोळे उघडले. मोठ्या माणसाला, त्यातून आत्याला, कुणी ओलांडत नाही. क्षणभर तिला कळेचना. मग ती ताडकन उठून बसली आणि तेच ओरडली, "माघारी ये! सटवे, माघारी ओलांड!"

मी मागच्या दारानं परसात गेले. घासायच्या भांड्यांपाशी चिंचेचा गोळा होता. त्यातली राख लागलेली बाजू काढून टाकली आणि बाकीचा उघड्या दारातून आत्याकडं बघत सगळा खाल्ला. दात आंबले, डोळ्यांत पाणी आलं, पण खाल्ला. दाराच्या कडेला काकू येऊन उभी होती. ती हसत होती असं मी म्हणणार नाही. पण रडत नव्हती.

आत्यानं हे कुणालाही सांगितलं नाही. सांगणार तरी काय? पावशेर तिला ओलांडून गेली, हे तिच्या तोंडून कसं निघणार? ती माझ्याशी बोलायची बंद झाली. तात्या आणि काकू पुढच्या वर्षी चुडाव्याला गेले, स्टेशनापाशी दुकान घातलं. तिथं काकूला मुलगी झाली. ती आज माझ्याएवढीच बुटकी आहे, आणि तिला जन्मात कुणी ओलांडलेलं नाही. काकू डोळ्यांत तेल घालून जपायची. माझं लग्न पोखर्णीच्या एका शिक्षकाशी झालं. हा बाबा बघायला आला तेव्हा मी आधीच खाली, सतरंजीवर बसले होते. पाटबीट काही नाही. पसंत पडेल नाहीतर नाही.

यंदा पाडव्याच्या आधी शिवाच्या बायकोचा फोन आला. "ताई, आत्याबाई लय हट्टाला पेटल्यात. तुमालाच बोलवायल्यात." परभणीहून एसटीनं गेले. दुकान आता शिवाचा मुलगा बघतो, स्टीलचं आणि नॉनस्टिकचं. नाव मशीननं घालतात, त्याचा आवाज दाढेत ड्रिल घातल्यासारखा. स्वयंपाकघरात उतरंड मात्र तशीच होती, आणि तिला धरून आत्या उभी होती. मी ओळखलं नाही. पाठीला कुबड आलेलं, मान पुढं, कमरेतून दुमडलेली. तिचं डोकं ज्वारीच्या डब्याच्या खाली आलं होतं.

वयानं मणके झिजतात, बसतात, पाठ वाकते. बाईची जास्तच. मी हे वर्षानुवर्षं शिकवलंय, आकृती काढून, फळ्याच्या खालच्या अर्ध्या भागावर. आत्याला ते कोण सांगणार? तिनं शिवाच्या बायकोला बाहेर घालवलं आणि दार लोटून घेतलं. एवढ्या वर्षांनी माझ्याशी बोलली ते हे, "तू ओलांडलंस तवापासून मी कमी व्हायलेय. रोज. दिसायलंय का तुला? कुनाला सांगितलं न्हाई मी. माघारी ओलांड, माय. मी अशी जानार न्हाई. सरनावर एवढीशी दिसंल मी."

आम्हा लिंगायतांत सरण नसतं. पुरतात, बसवून. म्हातारी तेही विसरली होती. मी काही बोलायच्या आत ती उतरंडीला धरत धरत खाली बसली आणि फरशीवर आडवी झाली. आता तिचं डोकं भिंतीला लागत नव्हतं, पायही उंबरठ्यापासून लांब राहिले. मुटकुळं करून पडली आणि डोळे मिटले, पूजेला मिटायची तसे.

मी पदर खोचला. खरं सांगते, ओलांडणार होते. एक पाऊल, त्यात माझं काय जात होतं? मग म्हणाले, "ओलांडते. एवढंच म्हण, की सुमनकाकूची चूक नव्हती. तिच्या हातात चिकाचं पातेलं होतं."

आत्यानं डोळे उघडले. खालून, फरशीवरून, पण नजर तीच, माळ्यावरून बघितल्यासारखी. "तिचीच चूक होती," ती म्हणाली. "पायच तसा होता त्या वांझेचा."

काकूची मुलगी तेव्हा चुडाव्याला स्वतःच्या नातवंडाच्या बारशाची तयारी करत होती. मी खोचलेला पदर सोडला.

"मंग न्हाई जमनार, आत्या," मी म्हणाले. "पाय आखूड हायेत माझे. तुझ्या अंगावरून पलीकडं पुरत न्हाईत."

मी दार उघडलं, शिवाच्या बायकोला म्हटलं त्यांना उचलून बाजेवर ठेव, आणि पुढच्या खोलीत जाऊन चहा प्यायले.